न फिरणारा रोलर

पूर्व विदर्भात धानाच्या कापणीला येणाऱ्या हार्वेस्टरना लोकांनी सोयीसाठी दोनच नावं ठेवली आहेत: टायरवालं आणि चेनवालं. चेनवाल्याच्या दोन्ही अंगांना रणगाड्यासारखे पट्टे असतात, फक्त ते रबराचे. या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, जमिनीलगत, चिखलाने कायम माखलेले लहान लोखंडी रोलर ओळीने बसवलेले असतात. यंत्र विकत घेताना कुणी त्यांच्याकडे वाकून पाहत नाही. इंजिन किती अश्वशक्तीचं, कटर किती फुटांचा, दाण्याची टाकी केवढी, हे प्रश्न होतात. पण सगळ्या यंत्राचं वजन अखेर या रोलरांवर असतं, आणि त्यांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. हार्वेस्टरचा पट्टा तुटला की यंत्र थांबतं, इंजिनचा बेल्ट तुटला की यंत्र थांबतं, कटरचं पातं तुटलं की धान उभंच राहतं आणि कुणाच्याही लक्षात येतं. रोलर मात्र निकामी झाला तरी यंत्र चालतच राहतं. तो फिरायचा थांबतो, पट्टा त्याच्यावरून घसटत पुढे जातो, धान कापलं जातं, मीटर पुढे सरकतो. माझं म्हणणं असं की रोलरची खरी अडचण हीच आहे. जो भाग बिघडूनही काम थांबवत नाही, त्याच्या बिघाडाचं बिल दुसऱ्याच भागाच्या नावावर फाटतं. म्हणूनच रोलर कधी बदलायचा हे यंत्र थांबण्यावर सोडून चालत नाही, ते मोजून ठरवावं लागतं.

हे रोलर यंत्रात मुळात आले कसे, ते आधी पाहू. चाकाचं आणि ओल्या जमिनीचं जुनं वैर आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावाभोवती नद्यांच्या मुखाजवळची काळी, दलदलीची, स्पंजासारखी जमीन आहे. तिथे शेतीयंत्रं बनवणाऱ्या होल्ट कुटुंबाची वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर रुतून बसत. यावर पहिला उपाय सुचला तो साधाच: चाकं रुंद करा. ती रुंद करत करत एका यंत्राची एकूण रुंदी चाळीस फुटांच्या पुढे गेली, तरी दलदल काही ऐकेना. मग बेंजामिन होल्ट यांनी मागची चाकं काढून त्या जागी लाकडी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी तो शेतात चालवून पाहिला. रणगाड्याचा पट्टा युद्धातून शेतीत आला असं अनेकांना वाटतं. घडलं उलटं. पट्टा शेतातल्या चिखलाने शोधायला लावला आणि पुढे पहिल्या महायुद्धात सैन्याने तो उचलला. याच होल्ट कुटुंबाच्या कारखान्यात कंबाईन हार्वेस्टरही बनत होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगं. नंतर जपानच्या लहान, पाण्याने भरलेल्या भातखाचरांसाठी लोखंडी पट्ट्याची जागा रबराच्या पट्ट्याने घेतली, आणि आज आपल्याकडे धानात उतरणारं यंत्र हे त्या घराण्यातलं.

पट्ट्याची करामत आकड्यांत पाहिली की रोलरची जबाबदारी कळते. समजा यंत्राचं वजन सुमारे ३ टन आहे, पट्टा ४५ सेंटिमीटर रुंद आहे आणि त्याचा सुमारे १६० सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. दोन पट्ट्यांचं मिळून क्षेत्रफळ झालं १४,४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २०० ग्रॅम. साठ किलोचा माणूस अनवाणी धानाच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, चालताना एक पाय उचलतो, तेव्हा टेकलेल्या पायाखाली याहून जास्त दाब असतो. जिथे माणसाचा पाय रुततो तिथे तीन टनांचं धूड तरंगल्यासारखं जातं ते यामुळे. पण ही वाटणी पट्टा आपोआप करत नाही. पट्टा लवचीक असतो. यंत्राचं वजन चौकटीतून रोलरवर येतं, रोलर ते पट्ट्याच्या आतल्या पाठीवर ठिकठिकाणी देतात, आणि मग पट्टा ते जमिनीवर पसरतो. एका बाजूला पाच रोलर धरले, तर टाकी रिकामी असतानाच प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३०० किलो येतात. टाकी भरली, यंत्र धुऱ्यावर चढताना तिरकं झालं किंवा एकाच जागी गर्रकन वळलं, की टोकाच्या रोलरवर त्याहून कितीतरी जास्त.

आता फेऱ्या मोजू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. कटर दोन मीटरचा धरला तर एकर कापायला यंत्राला किमान दोन किलोमीटर चालावं लागतं. वळणं, मागे-पुढे होणं, ट्रॉलीपर्यंतच्या खेपा यांचा हिशेब यात धरलेला नाही. रोलरचा व्यास १६ सेंटिमीटर असेल तर परीघ अर्धा मीटर, म्हणजे एकरामागे चार हजार फेऱ्या. दिवसाला आठ एकर आणि हंगामाचे तीस दिवस धरले तर एका हंगामात एक रोलर जवळपास दहा लाख वेळा फिरतो. हा आकडा ऐकून धडकी भरायचं कारण नाही, चांगल्या बेअरिंगला दहा लाख फेऱ्या जड नाहीत. पंख्याच्या मोटारीतलं बेअरिंग याहून जास्त फिरतं. फरक इतकाच की पंखा छताला टांगलेला असतो आणि रोलर चिखलात बुडालेला.

चिखल हा शब्द ऐकला की मऊ, घसरड्या वस्तूचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि तिथेच फसगत होते. मातीतली वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. कठीणपणाच्या प्रचलित मोजपट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक सात आहे आणि साधं पोलाद त्याच्या खाली येतं. म्हणजे बांधीतला चिखल हा पाण्यात कालवलेला पॉलिश पेपरच आहे. शिवाय धान हे पीकच वाळू पिणारं. भाताचं रोप जमिनीतून सिलिका शोषून तणसात आणि तुसात साठवतं. तूस जाळलं तर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरते, आणि त्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. तेव्हा वरून तणसाची धूळ आणि खालून वाळूचा चिखल अशा दुहेरी कानशीत रोलर हंगामभर फिरतो. त्याच्या बाहेरच्या कडा झिजतात त्या यामुळे. ही झीज कुणाला टाळता येणार नाही, आणि ती संथ असते.

घातक झीज आत होते. रोलरच्या पोटात बेअरिंग असतं, त्यात ग्रीस असतं, आणि ग्रीस आत व चिखल बाहेर ठेवायला ऑइल सील असतं: रबराचं एक कडं, ज्याचा पातळ ओठ शाफ्टला चिकटून राहतो. सगळा संसार त्या ओठावर उभा आहे. शाफ्टभोवती तणसाचा एक धागा किंवा तुटक्या कुंपणाची तार गुंडाळली गेली की ती ओठ कुरतडते. मग पाणी आत जातं, पाण्याबरोबर वाळूचा कण जातो, ग्रीस राखाडी पिठासारखं होतं, गोळ्यांवर गंज धरतो. बेअरिंग भाराने क्वचित मरतं, बहुधा घाणीने मरतं. बेअरिंगच्या इतिहासात मातीला मानाचं पान आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातली गामलेस्टाडेनची कापडगिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन खचे, इमारत हले, लांबलचक शाफ्ट सरळ रेषेत राहत नसत आणि बेअरिंगं सारखी जात. तिथल्या देखभालीचं काम पाहणारे अभियंता स्वेन विंगक्विस्ट यांनी त्यावर उपाय म्हणून शाफ्ट थोडा वाकडा झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग शोधलं आणि १९०७ मध्ये एसकेएफ ही कंपनी निघाली. आज पुण्याजवळ चिंचवडलाही तिचा कारखाना आहे. चिकणमातीने एका गिरणीतली बेअरिंगं खाल्ली नसती, तर हे सगळं निदान त्या वर्षी तरी घडलं नसतं.

गंजलेलं बेअरिंग आधी कुरकुरतं, मग अडखळतं आणि एक दिवस जाम होतं. हार्वेस्टरच्या इंजिनाच्या आणि मळणीच्या ड्रमच्या आवाजात ही कुरकुर चालकाच्या सीटपर्यंत पोचत नाही. जाम झालेला रोलर आता रोलर राहत नाही, तो एक लोखंडी ठोकळा होतो. रबरी पट्ट्याच्या आत ठराविक अंतरावर, बऱ्याच यंत्रांत ९० मिलिमीटरवर, लोखंडी गाभे ओतलेले असतात. त्यांची दोन शिंगं आतल्या बाजूला वर आलेली असतात आणि रोलर त्यांच्या आधाराने रेषेत धावतात. फिरता रोलर या गाभ्यांवरून अलगद जातो. न फिरणाऱ्या रोलरवरून पट्टा घासत ओढला जातो, एकरामागे दोन किलोमीटर, लोखंडावर लोखंड आणि मध्ये वाळू. रोलरचा टेकलेला भाग सपाट होतो आणि तो सपाट चट्टा आरशासारखा चकाकतो. दुसऱ्या बाजूला गाभ्यांची पाठ झिजते, शिंगं पातळ होतात, रबर गाभ्यापासून सुटतं. सुटलेल्या फटीतून पाणी आत जाऊन रबरातल्या पोलादी तारांना गंज चढवतं. आणि मग एका वळणावर, अगदी ओल्या बांधीत, पट्टा उतरतो. नेमका तिथेच का, तर वळताना पट्ट्याला आडवा ताण बसतो आणि त्याला रेषेत धरणाऱ्या रोलरच्या कडा तोवर उरलेल्या नसतात.

एक रोलर गेला तर बाकीचे चार आहेत, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. त्यासाठी बेअरिंगच्या आयुष्याचा एक नियम पाहावा लागेल. गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पामग्रेन या स्वीडिश अभियंत्यांनी १९४७ मध्ये तो व्यवस्थित मांडला आणि जगभरच्या बेअरिंगच्या हिशेबांत तो आजही वापरला जातो: गोळ्यांच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्शावर येतं. भाराचा घन घ्यायचा आणि आयुष्याला त्याने भागायचं. आता पाचांतला एक रोलर इतका झिजला की त्याने भार घेणं सोडलं. तो भार उरलेल्या चौघांत समान वाटला गेला असं धरलं, तर प्रत्येकावर सव्वापट भार येतो. सव्वाचा घन १.९५. म्हणजे बाकी चारही बेअरिंगांचं आयुष्य जवळपास अर्धं झालं. आणि हा झाला उदार हिशेब. पट्टा लवचीक असल्यामुळे मधल्या रोलरने टाकलेला भार मुख्यतः त्याच्या दोन शेजाऱ्यांवरच जातो. त्यांच्यावर दीडपट भार आला तर दीडचा घन ३.४, म्हणजे त्यांचं आयुष्य एक तृतीयांशाहूनही कमी. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते इथे शब्दशः खरं आहे, फरक एवढाच की ही आग कुणाला दिसत नाही. प्रत्यक्षात चिखलाने बेअरिंग आधीच मारलं तर हा हिशेब कागदावरच राहतो, हे मान्य. पण दिशा तीच राहते. पहिला रोलर जायला तीन हंगाम लागले असतील तर दुसरा आणि तिसरा जायला तितका वेळ लागत नाही.

यानंतर जे होतं त्याला आपल्याकडे चपखल म्हण आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पट्टा वारंवार उतरतो म्हणून मालक पट्ट्याचा ताण वाढवतो. ताण वाढला की दोन टोकांच्या चाकांच्या, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या आयडलरच्या आणि पट्टा ओढणाऱ्या दातेरी स्प्रॉकेटच्या, बेअरिंगांवर भार येतो, ती गरम होतात. मग पट्टाच खराब होता असं ठरून नवा पट्टा येतो, आणि हार्वेस्टरच्या खालच्या चालत्या भागात पट्ट्याइतका महाग नग दुसरा नाही. नवा पट्टा त्याच जुन्या, सपाट झालेल्या रोलरांवर चढवला जातो. पुढच्याच हंगामात त्याचेही गाभे झिजू लागतात आणि दोष पट्टा बनवणाऱ्याच्या माथी येतो. खर्चाच्या वहीत पट्टा लिहिला जातो, आयडलरचं बेअरिंग लिहिलं जातं, बांधीत अडकलेला अर्धा दिवस तर कुठेच लिहिला जात नाही. रोलरच्या नावावर काहीच खर्च दिसत नसल्यामुळे रोलर बदलायची गरज कधी जाणवत नाही. वही खोटं बोलत नाही, पण ती प्रश्नच चुकीचा विचारते.

या अर्ध्या दिवसाची किंमतही फक्त मालकाच्या वहीत शोधून चालणार नाही. धान दाण्यात २० ते २५ टक्के ओल असताना कापावं, असं भातसंशोधन सांगतं. त्याहून वाळत गेलं तर लोंबीतून दाणे झडतात आणि गिरणीत कणीचं प्रमाण वाढतं. हार्वेस्टर एका बांधीत अडकला की पुढच्या रांगेतल्या शेतकऱ्यांचं धान उभ्यानेच वाळत राहतं. तासावर भाडं देणारा शेतकरी अडकलेल्या यंत्राचे तास देत नाही हे खरं, पण झडलेल्या दाण्याचे पैसेही त्याला कुणी देत नाही. रोलरच्या झिजेचं बिल इतक्या लांब जाऊन पोचतं.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकलं पाहिजे, कारण ती बाजू मूर्खपणाची नाही. मालक म्हणतो, हंगाम महिन्याभराचा. या महिन्यात यंत्र जितके तास चालेल तितके हप्ते फिटतील. चालतंय तोवर चालवायचं, मोडेल तेव्हा बघू. हंगामाच्या ऐन मध्यावर रोलर थोडा ढिला वाटला म्हणून यंत्र उभं करणं शहाणपणाचं नाही, हे मीही म्हणेन. पण हे म्हणणं फक्त हंगामाला लागू पडतं. खरिपाच्या आणि उन्हाळी धानाच्या कापणीच्या मध्ये यंत्र कित्येक आठवडे शेडमध्ये उभं असतं. बदलण्याचा निर्णय तेव्हा घ्यायचा आहे. तेव्हा न घेता कापणीच्या आदल्या दिवशी घेणं म्हणजे वरातीमागून घोडं, कारण तेव्हा दुकानात गर्दी असते, हव्या मापाचा रोलर मिळत नाही आणि जो मिळेल तो बसवला जातो.

याहून वजनदार आक्षेप देखभालशास्त्रातून येतो. वेळ झाली म्हणून भाग बदला ही पद्धत नेहमी फायद्याची असते का? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाच्या लिबरेटर विमानांचा अभ्यास करताना कॉनरॅड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की ठरावीक तासांनी केलेल्या तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी लगेच वाढतात आणि मग हळूहळू उतरतात. म्हणजे उघडून बसवण्यातच नवे दोष शिरत होते. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सचे नोलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा जो अहवाल लिहिला, त्यात वयानुसार झिजून बिघडणारे भाग अवघे ११ टक्के निघाले. बाकीचे वय न पाहता बिघडत, आणि त्यांतले बरेचसे तर नवे असतानाच. तेव्हा धडधाकट रोलर उघडून नवा बसवणारा मालक नव्याबरोबर नवा दोषही विकत घेत नाही कशावरून? प्रश्न रास्त आहे आणि त्याने माझा युक्तिवाद सुधारतो. मी तासांवर किंवा हंगामांच्या मोजणीवर रोलर बदला असं म्हणत नाही. काळ्या चिकण जमिनीतला रोलर आणि रेताड जमिनीतला रोलर यांचं वय सारखं असूनही झीज वेगळी असते. पण रोलर हा त्या ११ टक्क्यांच्या घरातला भाग आहे: त्याची अवनती डोळ्यांनी दिसते, हाताला कळते, कॅलिपरने मोजता येते. ज्याची झीज मोजता येते त्याला तारखेने बदलणं जितकं चुकीचं, तितकंच तो जाम होईपर्यंत थांबणंही चुकीचं.

मोजायचं काय? यंत्र टणक, सपाट जागी उभं करून टाकी रिकामी करायची, कटर खाली टेकवायचा किंवा त्याचा अडसर लावायचा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायची. चौकट जॅकने उचलून तिच्याखाली घोडी किंवा सागवानी ओंडके द्यायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नये, हायड्रॉलिक जॅक सील गेलं की सांगून खाली येत नाही. मग पट्ट्याचा ताण सैल करायचा. बोल्टने ताण देणाऱ्या यंत्रांत हे सोपं आहे. काही यंत्रांत ताण ग्रीसच्या दाबाने दिलेला असतो, तिथे झडप थोडी थोडी आणि बाजूला उभं राहून ढिली करावी, कारण आतलं ग्रीस कातडी फोडून आत घुसेल इतक्या दाबाखाली असतं. पट्टा सैल पडला की रोलर हाताने फिरवायचा. चांगला रोलर जडपणे पण एकसारखा फिरतो. अगदी हलका, सायकलच्या चाकासारखा भिरभिरला तर आतलं ग्रीस संपलं असावं, आणि अडखळत खरखरला तर वाळू आत गेली. मग तो वरखाली हलवून पाहायचा, खटखट लागली तर बेअरिंग ढिलं आहे. शाफ्टजवळ ग्रीसचा काळा ओघळ दिसला तर सील फाटलं आहे. शेवटी व्यास मोजायचा, एकाच जागी नाही, दोन-तीन जागी, म्हणजे सपाट चट्टा लपत नाही. सगळ्या रोलरांचे आकडे शेडच्या भिंतीवर खडूने ओळीने लिहिले की कोण पंगतीतून उठून गेला आहे ते आपोआप दिसतं. एका रोलरचा आकडा एकटा वाचून फार कळत नाही. शेजाऱ्यांच्या आकड्यांत किती अंतर पडलं ते खरं वाचायचं.

इथे एक शंका निघते: जुन्या रोलरांत एकच नवा बसवला तर तो मोठ्या व्यासामुळे जास्त भार घेऊन लवकर मरेल. बरोबर आहे, आणि वरचा घनाचा नियम इथेही तसाच लागतो. म्हणून जो उपाय सुचवला जातो तो पाचही बदलण्याचा, पण तेही दर वेळी गरजेचं नाही. बाकीचे थोडेच झिजले असतील तर गेलेला तेवढा बदलून ते तसेच राहू द्यावेत, आणि सगळ्यांचीच झीज बरीच असेल तर त्या बाजूचा संच बदलावा. पट्टा आणि स्प्रॉकेटची गोष्ट वेगळी. त्यांचे दात आणि गाभे एकमेकांच्या झिजेने जुळलेले असतात, तिथे एक नवा आणि एक जुना ठेवला की दात गाभ्यावर चढतो. रोलरला दात नसतात, त्याला फक्त व्यास आणि कडा असतात. ‘जुन्याबरोबर नवं घालू नये’ हा नियम स्प्रॉकेटचा आहे, तो रोलरला लावून बदल पुढे ढकलणं म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याला देणं.

नव्याऐवजी जुनाच, वेल्डिंगने भरून लेथवर काढून घेतलेला रोलर स्वस्त पडतो आणि अनेकदा चांगलाही चालतो, पण अटींसह. भरलेला थर मूळ पृष्ठभागाइतका कठीण हवा, नाहीतर साध्या रॉडचा मऊ थर एका हंगामात उडतो. भरताना बेअरिंग आणि सील काढलेलं हवं. वेल्डिंगचा विद्युतप्रवाह बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि रबरी सील भाजून निघतं. आणि लेथवर बेअरिंगचं घर गोल आहे का ते पाहायला हवं. घरच वाकडं झालं असेल तर बाहेरून कितीही गुळगुळीत काढला तरी तो रोलर गेलेलाच आहे.

रोलर उघडला की खरी परीक्षा बेअरिंग बसवताना होते, आणि बहुतेक नवे दोष इथेच शिरतात. बेअरिंगला दोन कडी, आतलं आणि बाहेरचं, आणि मध्ये गोळ्या. जे कडं घट्ट बसवायचं आहे त्यालाच दाब द्यायचा. बाहेरचं कडं घरात बसवायचं असताना आतल्या कड्यावर हातोडा मारला, तर तो घाव गोळ्यांतून बाहेरच्या कड्यापर्यंत जातो आणि धावेवर प्रत्येक गोळीखाली एक नखाएवढाही नाही असा खळगा पडतो. डोळ्यांना काही दिसत नाही, हाताला क्वचित जाणवतं. पण शेतात पहिल्याच दिवशी दर फेरीला गोळी त्या खळग्यांतून उड्या मारू लागते. नवं बेअरिंग महिन्यात गेलं म्हणून दुकानदाराशी भांडणं होतात, त्यांतली काही तरी या हातोड्याची असतात. योग्य मापाचा पाइपाचा तुकडा कड्यावर ठेवून प्रेसने किंवा बाकाच्या शिकंज्यात दाबलं तर हे टळतं. सीलच्या ओठाला आधी ग्रीस लावावं, ओठ कोरडा बसला तर पहिल्याच फेऱ्यांत जळतो. शाफ्टवर जिथे ओठ घासतो तिथे खोबण पडली असेल तर नवं सीलही गळणार, मग शाफ्टही बदलावा. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती आणि गाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. तिथे वंगण वरून पुन्हा पुन्हा घालता येई. बंद रोलरमध्ये ते एकदाच घातलं जातं आणि सीलच्या ओठाच्या भरवशावर वर्षानुवर्षं राहतं.

आणि हंगाम संपला की यंत्र धुण्याची घाई. प्रेशरच्या पाण्याचा फवारा सरळ रोलरच्या शाफ्टवर धरला की जो चिखल महिनाभर बाहेर अडला होता तो सीलच्या ओठाखालून आत ढकलला जातो. यंत्र शेतातून नुकतंच आलेलं असेल तर आणखी वाईट: गरम रोलरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि पाणी स्वतःच आत ओढून घेते. आधी यंत्र गार होऊ द्यावं, चिखल लाकडी फावडीने खरवडून काढावा, मग कमी दाबाच्या पाण्याने धुवावं, आणि धुतल्यावर यंत्र थोडं मागे-पुढे चालवून पाणी झटकून टाकावं. ज्यांचं यंत्र सध्या शेडमध्ये उभं आहे त्यांनी एवढं करावं: पट्टा सैल करून प्रत्येक रोलर हाताने एकेकदा फिरवून पाहावा आणि त्याचा व्यास भिंतीवर लिहून ठेवावा. दोन माणसांना त्याला एक दुपार पुरते.